निवड नेमकी कोणाची?

आमच्या समाजकार्य महाविद्यालयातील विद्यार्थी-देवाणघेवाण उपक्रमात यंदा जर्मनीची एक विद्यार्थिनी सहा आठवडे आमच्यासोबत होती. पाहुण्यांना शाळा दाखवायच्या, सत्कार करायचा, फोटो काढायचे, हा अशा उपक्रमांचा ठरलेला शिरस्ता. पहिले काही दिवस आम्हीही तो इमानेइतबारे पाळला. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका गावात मात्र तो मोडला.

तेथे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) असलेला नऊ वर्षांचा एक मुलगा आजीजवळ राहतो. दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. शाळेच्या पटावर मुलाचे नाव आहे, पण त्यापुढे ‘गृहाधारित शिक्षण’ अशी नोंद आहे; विशेष शिक्षक अधूनमधून घरी येऊन जातात. कागद बिनचूक असल्याने मी पुढच्या घराकडे वळणार होतो, तेवढ्यात पाहुणीने विचारले, “हे त्याने निवडले आहे का?” मी तो प्रश्न सवयीने आजीकडे सरकवला. “त्याला काय कळतंय, बाबा,” आजी म्हणाली. पाहुणी ओट्यावर त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि मला तोच प्रश्न त्याला विचारायला लावला. शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला. “शाळंत. खिचडी पोरांत बसून.”

शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो मुलाने निवडायचा आहे, शाळेने सोयीसाठी लावायचा नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे कलम ३१ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्यांच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क देते. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर तो आधारलेला आहे आणि ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, त्याच्या सातव्या कलमात तर दिव्यांग मुलाचे मत ऐकून घेण्याची तरतूदच आहे. ही कलमे मी परीक्षेत लिहिली होती, गुणही चांगले मिळाले होते.

पाहुणीला स्वतःच्या देशाचा तोरा नव्हता. करार २००९ मध्ये स्वीकारूनही जर्मनीत दिव्यांग मुलांचा मोठा हिस्सा वेगळ्या विशेष शाळांतच शिकतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्याबद्दल तिच्या देशाला सुनावलेले आहे, हे तिनेच सांगितले. “आमच्याकडे उतार आहेत, पण ते वेगळ्या इमारतीला,” असे ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन शाळेत गेलो. ओट्याची उंची ४५ सेंटिमीटर आणि रॅम्पची लांबी जेमतेम २ मीटर. एकास बारा (उंचीच्या बारापट लांबी) या प्रमाणाने ती ५.४ मीटर हवी. आहे त्या रॅम्पवर व्हीलचेअर ढकलताना हात जरा सैल झाला की ती मागे येते. रॅम्प मात्र ‘उपलब्ध’ म्हणून नोंदला गेला आहे.

आजीच्या अंगठ्यासह आम्ही दोन अर्ज दिले, एक पटावरील नोंद बदलण्याचा आणि दुसरा रॅम्पचा. पहिला आठ दिवसांत मंजूर झाला, दुसरा पंचायतीत पडून आहे. तोवर मधल्या सुट्टीपूर्वी सातवीतली दोन मुले खुर्ची दोन्ही बाजूंनी उचलून त्याला वर नेतात, जे मला मुळीच पटत नाही. आणि खुर्ची एका अंगाला कलली की तो त्यांच्यावर खच्चून ओरडतो.