पिस्टिलचे लव्हाळे

आषाढी होऊन आठवडा झाला होता. उत्तर वेल्सची यात्रावाट होलिवेलजवळच्या बेसिंगवर्क मठापासून निघते आणि सुमारे २१० किलोमीटरवर आबेरडारॉनला समुद्राशी येऊन थांबते. पलीकडे बार्डसी बेट. तिथल्या तीन यात्रा म्हणजे रोमची एक, असं जुने लोक मानत. वाटेतल्या क्लिनॉग गावी संत बायनोंच्या मोठ्या चर्चमध्ये ॲश झाडाच्या अखंड खोडातून कोरलेली पेटी पाहिली, हात जोडले आणि निघालो.

पुढच्या दिवसातलं लक्षात आहे ते रान आणि डावी टाच.

इर आयव्ल डोंगराची खिंड चढताना टाच बुटात उचलली जाते आणि घासते, उतरताना बोटं पुढे आपटतात. दोन्हीवर उपाय एकच. नाडी वरच्या दोन भोकांतून काढून बाजूला छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओढून घोट्याशी आवळायची. हे चढाआधी करायचं असतं. मोजे सकाळच्या पावसात भिजले होते. ओली कातडी मऊ पडते आणि तासाभरात फोड धरतो.

नांत ग्वर्थेर्न हे खाणकामगारांचं ओस पडलेलं गाव, आता तिथे वेल्श भाषा शिकवतात. ते मागे पडलं आणि ओकचं रान लागलं. खाऱ्या वाऱ्यानं झाडं खुरटलेली, सगळी डोंगराच्या अंगाला कललेली. दगडांवर बोटभर शेवाळ. फांद्यांमधून खाली समुद्र दिसतो आणि लाटांचा आवाज पानांतून गाळून येतो. इथे पाय मुळावर ठेवायचा नाही, दोन मुळांच्या मध्ये ठेवायचा. काठीचं रबरी टोपण काढून टाकायचं, ओल्या दगडावर ते सरकतं. नेच्यांतून गेलात तर रात्री गुडघ्यामागे गोचीड तपासा.

सोबतचे दोघे पुढे निघून गेले होते. राग आला. दिंडीत मागे राहिलं तर मागून दुसरी दिंडी येते. इथे कोणीच येत नाही. नामही तोंडात येईना.

रानाबाहेरच्या फाटकाशी एक आजी कुत्रा घेऊन उभ्या होत्या. माझं चालणं पाहून म्हणाल्या, "पेरेरिन?" म्हणजे यात्रेकरू. मी मान हलवली. त्यांनी खिशातून धुतलेल्या लोकरीचा पुंजका काढला आणि बसायची खूण केली. फोड त्यांनी फोडू दिला नाही. आपल्याकडे सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवतात, त्यानं मळ आत शिरतो. फोड फारच ताणला असेल तर तापवून गार केलेल्या सुईनं खालच्या कडेला टोचावं, पाणी काढावं, वरची कातडी मात्र ठेवावी. पट्टी कोरड्या पायावरच लावायची, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरे मोज्यात उलटतात. आजींनी पट्टीवर लोकर पसरली, बोटांनी हलकी पिंजत, कडेला पातळ, मध्ये जाड. उघड्या जखमेवर ती ठेवायची नाही. मेंढीच्या अंगचा मेणचटपणा तिच्यात थोडा उरलेला असतो, म्हणून ती घासत नाही, सरकते. त्यांना मी "दियोल्ख", म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हणू शकलो.

पिस्टिल गावचं चर्च रस्त्यावरून दिसतही नाही, इतकं खोलगट जागी, ओढ्याशेजारी. पूर्वी छपरावर गवत होतं. आत कोरीव दगडी बाप्तिस्माकुंड आहे. नाताळ, ईस्टर आणि ऑगस्टच्या सुरुवातीचा नव्या धान्याचा सण, अशा वर्षातून तीन वेळा इथे जमिनीवर लव्हाळे अंथरतात. आमचं भाग्य, ते ताजे होते. बूट दाराशी काढले. लव्हाळे पायाखाली हलके मोडत होते, ओल्या गवताचा आणि पुदिन्यासारखा वास उठत होता. महापुरात वाचतात ते हेच, असं मनात आलं आणि अभंग आपोआप ओठांवर आला. पुढे गेलेले दोघे बाकावर बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली.

आबेरडारॉनला वारा होता. बेटाअलीकडच्या सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार, त्यामुळे होडी सुटली नाही. टेकडीवर चढून बेटाला हात जोडले. कळसदर्शनासारखं.