बधिर बोटांचं मूळ सीटमध्ये

"ताई, हँडलला जाड टेप लावून द्या, बोटं बधिर होतात," एवढंच सांगून तिने सायकल पुढे केली. नवी मुंबईत पाम बीच रोडवर पहाटे सराव करणारी, राष्ट्रीय स्पर्धेची तयारी करणारी मुलगी. करंगळी आणि शेजारच्या बोटाला तासाभरात मुंग्या येत, उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखे. ही दोन बोटं गेली की समजायचं, तळहाताच्या कडेची नस दबतेय, म्हणजे अंगाचा भार हातांवर येतोय. तो का येतो हे कळेपर्यंत टेपला हात लावायचा नाही.

ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पेडल मारताना ती सारखी पुढे घसरत होती आणि स्वतःला मागे ढकलत होती. सीटवर लेव्हल ठेवली, तर टोक पाच अंश खाली.

"टोक कुणी वाकवलं?"

"मीच. पुढे टोचतं, जखमा होतात. सर म्हणाले, सवय होईल."

याची सवय होत नाही! नाजूक भागावर दाब आला की रक्तप्रवाह अडतो, घर्षणाने फोड येतात आणि सराव बंद पडतो. महिलांची एलिट रोड रेस 160 किमीपर्यंत असते. चार तास असं बसून कुणी जिंकत नाही. 2024 ची टूर द फ्रान्स फाम, म्हणजे महिलांची टूर द फ्रान्स, आठ टप्प्यांनंतर अवघ्या 4 सेकंदांनी जिंकली गेली. दुखतंय म्हणून ड्रॉप्सवरून, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावरून, हात वर घेतले, तर वाऱ्यात एवढे सेकंद सहज जातात.

पन्हळी पुठ्ठ्यावर तिला बसवून खळगे मोजले. बैठकीच्या हाडांमधलं अंतर 128 मिमी, सीट 130 मिमी रुंद. कडा गोलसर असल्याने हाडं टेकतच नव्हती, सगळा भार पुढच्या भागावर. म्हणून टोक खाली, म्हणून घसरण, म्हणून हातांवर भार. हाडांच्या अंतरात 20 ते 25 मिमी मिळवून सीट निवडतात. तिला मध्ये खाच असलेली 150 मिमीची बसवली, टोक सपाट ठेवलं.

गुडघ्याचं कारण वेगळं होतं. बुटांना शिमानोच्या लाल क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारे तुकडे), म्हणजे शून्य अंश मोकळीक. तिची उजवी टाच चालताना आत वळते. क्लीट तिला सरळ धरून ठेवते आणि पीळ गुडघ्यात जातो. सहा अंशांच्या पिवळ्या क्लीट लावल्या.

शिवाय 75 सेंमी इनसीमला (पायाच्या आतल्या बाजूची लांबी) 172.5 मिमीचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा! छोट्या फ्रेमवरही लांब क्रँक सर्रास येतो. 165 चा घातला आणि सीट 7.5 मिमी वर घेतली. पेडल सर्वात वर असताना पाय आता 7.5 मिमी खाली राहतो, सीट तेवढीच वर, म्हणजे मांडीला 15 मिमी जास्त जागा. सीट वर गेली की हँडल खाली पडल्यासारखं होतं, म्हणून हँडल धरणाऱ्या स्टेमखाली 7.5 मिमीचे स्पेसर (चकत्या) वाढवले. स्टेमचे बोल्ट घामाने आणि खाडीच्या हवेने गंजले होते; किल्ली घसरून बोल्टचं डोकं खराब होण्याआधी तेल सोडून थांबावं लागलं. नवे बोल्ट ग्रीस लावून, आलटून-पालटून, 5 न्यूटन-मीटरवर.

हँडल 42 सेंमीचं होतं, तिचे खांदे 36 चे. खाली न फाकणारं 36 चं हँडल मात्र देता येत नाही: 2026 पासून यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, बाहेरून बाहेर किमान 400 मिमी ठरवलंय. मध्यापासून मध्यापर्यंत 38 चं बाहेरून 403 भरतं, तेच घातलं. टायर 25 मिमीचे, हवा 110 पीएसआय! 52 किलो वजनाला पुढे 70, मागे 75 पुरते. रस्त्याची थरथर हातात कमी येते. टेप साधीच लावली.

पहिले दोन आठवडे हलका सराव, जोराचे चढ नाहीत. खारघरची टेकडी नंतर. सगळी मापं कागदावर लिहून दिली, सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, टेपची खूण केली. स्पर्धेला जाताना सायकल खोलून खोक्यात भरतात, आणि उघडल्यावर सीट अंदाजाने बसवली की 5 मिमीचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. सीटपोस्टवर ती घसरू नये म्हणून कार्बन पेस्ट लावायला विसरू नकोस, हेही त्याच कागदावर खाली लिहिलं.