वाडीची आरती

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत गणपती घरोघरी बसतात, पण आरती वाडीची असते. दिवेलागणीला पहिल्या घरी जमायचं, तिथली आरती झाली की मृदंग आणि झांजा उचलून दुसऱ्या घरी, असं करत थेट वरच्या अंगाच्या शेवटच्या घरापर्यंत. मुंबईहून चाकरमानी आले की ओट्या कमी पडतात आणि उशिरा पोचलेल्याला चपलांच्या ढिगापाशी उभं राहून टाळ्या वाजवाव्या लागतात. प्रत्येक घरचा प्रसाद ठरलेला. खालच्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ असते, आणि तिच्यापायी पोरं त्या घरची आरती जरा पळवतातच.

माझी पुतणी या आरत्यांतच वाढली. ती स्वमग्न आहे. मुंबईच्या खेपा करून तिचं निदान झालं. त्याआधी नजर लागणं, बाहेरची बाधा, आईचे लाड अशी आपापली निदानं वाडीने करून टाकली होती. डॉक्टरांनी वहिनीला नीट समजावलं: हा आजार नव्हे, मेंदूची घडणच वेगळी आहे. आवाज, उजेड, स्पर्श अशा मुलांना कधी फार टोचतात, तर कधी कमीच जाणवतात, आणि एकाच मुलात दोन्ही असू शकतं. आमच्या पोरीचं तसंच. झांज तिला मुळीच सोसत नाही, मृदंगावर मात्र तळवा ठेवून ती कितीही वेळ बसते. वाजवणाऱ्याचा ताल चुकतो, पण तो तिचा हात बाजूला करत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत झांजा सुरू झाल्या की ती कान दाबून किंचाळायची. 'घरी न्या हो तिला, झोप आली असेल,' असं कुणीतरी म्हणायचंच. वहिनी घरी नेत नसे. पोरीला घेऊन पडवीत बसायची, तिथेही जड झालं तर खळ्यात. कोकणातलं घर या कामाला फार सोयीचं आहे. ओटीवर देव, बाहेर पडवी, पुढे खळं. ज्याला जेवढा उत्सव सोसेल तितक्या अंतरावर त्याने बसावं. तान्ही पोरं घेतलेल्या बाया आणि गुडघे धरलेले म्हातारे पडवीतच असतात, आणि ते आरतीला नव्हते असं कुणी म्हणत नाही. पोरीलाही हळूहळू तोच हिशेब लागू झाला. पुढे तिला कानावर लावायचे जाड हेडफोन आले, तेव्हा वाडीतल्या निम्म्या पोरांनी आपल्यालाही हवेत म्हणून घरी हट्ट धरला.

खरा फरक मात्र क्रमाने पडला. कुणाच्या घरून सुरुवात हे पूर्वी आयत्या वेळी ठरायचं, निम्म्या वाटेवर बेत बदलायचा. पुढे काय होणार हे कळलं नाही की ती घाबरीघुबरी होते. मग मंडळाच्या अध्यक्षांनी, आमच्या आबांनी, दुपारीच क्रम पक्का करायला सुरुवात केली. वहिनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे घरं काढून द्यायची: निळ्या दाराचं, फणसाखालचं, विहिरीजवळचं. शेवटी फटाक्यांचं चित्र, कारण फटाके आरत्या संपल्यावर आणि लांब शेतात, हे ठरलेलं. एकेक घर झालं की पोर त्यावर फुली मारते. या क्रमाचा फायदा सगळ्या वाडीला झाला. कोणत्या घरी किती वाजता निरांजन लावून ठेवायचं हे बायकांना पहिल्यांदाच आधी कळू लागलं.

कपड्यांची कथा वेगळी. जरीचा नवा फ्रॉक तिला अंगावर नको असतो. वहिनी तो चतुर्थीआधी धुऊन धुऊन मऊ करते, मानेमागचं लेबल उसवून काढते, तरी शेवटी जुना सुती झगाच जिंकतो. मोदकही ती खात नाही. 'देवाचा प्रसाद, नको म्हणू नये,' असं म्हणत हातावर ठेवणाऱ्या काकी अजून आहेत. पोर तो शांतपणे भावाच्या हातात देते.

तिला बोलताना समोरच्याचं वाक्य तसंच्या तसं परत म्हणायची सवय आहे. मुंबईच्या एका पाहुण्यांनी गालगुच्चा घ्यायला हात पुढे करत विचारलं, 'नाव काय गो तुझं?' ती हातभर मागे सरून म्हणाली, 'नाव काय गो तुझं?' पाहुण्यांनी गोंधळून आपलं नाव, आडनाव आणि खात्यासकट हुद्दा सांगितला. पडवी हसून लोळली.

शिमग्यात हीच सवय कामी आली. पालखी दारी येते, ओटी भरली जाते, मग मानकरी गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'होय म्हाराजा' म्हणतात. एरवी सगळे तिला 'तेच तेच बोलू नको' म्हणून सांगत असतात, इथे मात्र तेच तेच बोलायला गाव जमलेलं. ढोल लांब उभे करवून ती पायरीवर थांबली आणि प्रत्येक 'होय म्हाराजा' सगळ्यांच्या मागून, अर्ध्या श्वासाने उशिरा, खणखणीत म्हणाली. मानकरी पुढचं वाक्य घेण्याआधी तिच्यासाठी थांबू लागले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात हिच्यामुळे नाच बिघडेल अशी कुजबुज झाली होती. बाईंनी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा काढून दाखवला: खेळ आणि करमणुकीतही इतरांच्या बरोबरीची संधी शाळेने द्यायची आहे. आदल्या दिवशी रिकाम्या स्टेजवर नेऊन तिला दिवे, माइक, सगळं दाखवलं. ती नाचली नाही, पडदा ओढायला उभी राहिली. निवेदकाने एक क्रमांक गाळला तेव्हा पडदा काही उघडला नाही.

सध्या मंडळात वाद चालू आहे तो विसर्जनाच्या डीजेचा. सरकार सणांत काही दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरला सवलत देतं, तर वापरायला काय हरकत, असं पोरांचं म्हणणं. आबा सनई आणि ढोलावर अडून आहेत. बैठकीत एका पोराने तोड सुचवली: डीजे फक्त वडापर्यंत, तिथून समुद्रापर्यंत भजन. मत अजून झालेलं नाही. वहिनीने मात्र कॅलेंडरच्या पाठीमागे वड काढून ठेवलाय, पेन्सिलीने, खोडता येईल असा.