धाकट्याच्या वयाचा तारा

निघण्याआधी आम्ही तंबू दोनदा घरातच उभा करून पाहिला होता. साडेआठ वर्षांची थोरली आणि साडेचारला टेकलेला धाकटा, दोघं एक अख्खी दुपार त्यात झोपले, आणि आपली तयारी झाली असं आम्ही धरून चाललो. पण फरशीत मेखा ठोकता येत नाहीत. घुमटाकार तंबू नुसत्या दांड्यांवरही उभा राहतो, त्यामुळे मेखा आणि तणावे, म्हणजे तंबू ताणून धरायच्या दोऱ्या, हा भाग आमच्या हाताखालून गेलाच नव्हता.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मुलं बरोबर असली की थांबे ठरवल्यापेक्षा दुप्पट होतात. अंधार पडायच्या निदान दोन तास आधी पोचावं, एवढं तरी मी आता प्रत्येक आईबापाला सांगेन. पाण्यालगत मऊ गवताचा एक खळगा होता, मुलांना तोच हवा होता. तिथे आधीपासून मुक्कामाला असलेल्या एका आजोबांनी अडवलं. म्हणाले, "थंड हवा जड असते, रात्री उतारावरून खाली येऊन अशा जागी साचते. जरा वर लावा. आणि डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, तेही बघून घ्या." आम्ही वर गेलो. घाईघाईत मेखा सरळ उभ्या ठोकल्या, बाहेरचं आवरण सैल राहिलं, आणि ते तसंच सोडून जेवणाच्या मागे लागलो. स्टोव्ह तंबूपासून लांब मांडला होता. थंडी कितीही वाजली तरी स्टोव्ह किंवा निखारे आत न्यायचे नाहीत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हा नियम थोरलीकडून मी दोनदा म्हणवून घेतला.

जेवणानंतर टॉर्च विझवल्या. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून एका टॉर्चवर लाल फडकं बांधलं होतं, लाल उजेड डोळ्यांना फारसा बाधत नाही. धाकटा माझं बोट सोडायला तयार नव्हता. घरात त्याने खरा अंधार कधी पाहिलेलाच नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं. हळूहळू आकाश भरत गेलं. मृगाचे तीन तारे सापडले, त्यांच्या रेषेत खाली व्याध. मुलांच्या बाबाने सांगितलं की व्याध 8.6 प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे आत्ता दिसतोय तो उजेड थोरली जन्मली त्या सुमारास तिकडून निघालेला. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी मोठी होत होते तेव्हा हा नुसता येतच होता?"

साहजिकच धाकट्याने विचारलं, "माझा कुठला?"

त्याचाही होता. मित्र नावाचा, 4.4 प्रकाशवर्षांवरचा. पण तो दक्षिणेचा तारा, या दिवसांत पहाटेच क्षितिजाजवळ येणारा. "तो झोपलाय," असं सांगून आम्ही त्याला आत नेलं.

पावणेतीनला तो रडत उठला. स्लीपिंग बॅग पायाकडे ओली होती. थंडी वाजते म्हणून आम्ही तंबूच्या सगळ्या झडपा लावून घेतल्या होत्या. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमली, आणि सैल आवरण जिथे आतल्या कापडाला टेकलं होतं तिथून पाणी झिरपलं. खालून हवेची गादी बर्फासारखी लागत होती. अशा गादीत काही भरलेलं नसेल तर आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. त्यात त्याची बॅग मोठ्या माणसाची, पायाखालची रिकामी जागा त्याच्या एवढ्याशा अंगाने तापणार कशी?

आपण या पोरावर अन्याय केला, असं मला त्या अंधारात फार वाटलं.

मग हात चालायला लागले. फोमच्या मॅट गादीवर टाकल्या. त्याला माझ्या कोरड्या बॅगेत घालून तिचा खालचा भाग दुमडून घेतला. थर्मासमधलं गरम पाणी घट्ट बुचाच्या बाटलीत भरून, बाटली जाड मोज्यात घालून त्याच्या पायांशी ठेवली. वरची झडप मुद्दाम उघडली. थोरली उठून बसली आणि भावाची पावलं चोळत राहिली. मी तिला सांगितलं नव्हतं.

सकाळी नवरा म्हणाला, "आजच परत जाऊ." खरं तर दोन रात्रींचं ठरलं होतं. मीही हो म्हणणार होते, तेवढ्यात धाकट्याने विचारलं, "मग मित्र?"

थांबलो. दिवसभर दुसरं फार काही केलं नाही, तंबू नव्याने ताणला. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं आणि टोक तंबूकडे गेलेलं हवं, म्हणजे तणावा ओढला तरी ती उपटून येत नाही. या वेळी मेखा थोरलीने ठोकल्या. आवरण आणि आतलं कापड यांत चार बोटांची फट राहिली. धाकटा तणाव्याला अडखळून दोनदा पडला, म्हणून जुना पंचा फाडून प्रत्येक दोरीला पांढरी पट्टी बांधली. ओली बॅग उन्हात वाळली.

दुसऱ्या रात्री तो एकदाही उठला नाही. पहाटे साडेपाचला मीच त्याला उठवलं, बॅगेसकट उचलून पाण्याकडे नेलं. दक्षिणेला तळ्यापलीकडे, अगदी खाली, दोन तारे शेजारी शेजारी होते. जास्त तेजस्वी तो मित्र. त्याच्या शेजारचा मित्रक कितीतरी मागे, शेकडो प्रकाशवर्षांवर, पण नजरेला जोडीच वाटते. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग बॅगेतून हात बाहेर काढून हलवला.

उजाडायला अजून वेळ होता. त्याला खाली उतरायचं होतं. बूट घातल्यावर लाल फडक्याची टॉर्च त्याने माझ्या हातातून घेतली आणि पांढऱ्या पट्ट्या शोधत तंबूकडे पुढे तोच निघाला.