कुळथाच्या पिठीला कितवा नंबर?

आमच्या शाळेच्या जानेवारीतल्या मेळाव्याचं अहवालातलं नाव 'आरोग्य व लोकसहभाग मेळावा'. वाडीत मात्र सगळे त्याला 'वजनाचा दिवस' म्हणायचे, कारण त्या दिवशी पोरांच्या मागोमाग आख्खी वाडी काट्यावर चढायची. आधी पहिली ते चौथी, मग अंगणवाडीतली पिल्लं, मग त्यांच्या आया, मग "माझा पन बघा हो बाई" म्हणत म्हाताऱ्या. सगळ्यात शेवटी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, बंदरावरून आलेले दोन-चार तांडेल. एका आजींचं वजन ३४ किलो भरलं. त्या काट्यावरून उतरेचनात. चपला काढल्या म्हणून कमी दाखवतोय, चपला घालून परत बघा, म्हणाल्या. बघितलं. तरी ३४च.

मी मूळची साताऱ्याकडची. २००९ साली दापोली तालुक्यात, हर्णे बंदरापासून फार लांब नसलेल्या एका वाडीतल्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले. जांभ्या दगडाची इमारत, मागे काजूची झाडं, पुढे माडांच्या शेंड्यांमधून दिसणारं पाणी. पट ४३. पहिल्या पावसाळ्यात मी दोनदा रडले. एकदा पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, घसरून पडले म्हणून, आणि एकदा उगाचच. बायका माझ्याशी अदबीने बोलायच्या, पण शाळेची पायरी काही चढायच्या नाहीत. पालकसभेला आल्याच तर सहीपुरत्या. सही झाली की "येते हां बाई" आणि पदर खोचून निघाल्या.

मेळावा सुरू झाला तो माझ्या लबाडीमुळे. मुलांची उंची-वजनं घेऊन नोंदवायची होती आणि शाळेतला काटा बिघडलेला होता. मी मागच्या आकड्यांत प्रत्येकी एक किलो मिळवलं आणि रकाने भरून टाकले. असं करणारी मी एकटी नव्हते, हे स्वतःला सांगून बघितलं, पण त्याने काही बरं वाटलं नाही. चारच दिवसांनी आमच्या स्वयंपाकाच्या काकींनी मला चुलीपाशी बोलावलं. काकी चौथीपर्यंतसुद्धा शिकलेल्या नव्हत्या. दुसरीतल्या एका मुलीकडे हनुवटीने खूण करून म्हणाल्या, "बाई, ती पोर उतरलीय. झगा बघा कसा लोंबतोय." माझ्या वहीत ती पोर १८ वरून १९ किलोवर गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, बंदरावरच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याकडून त्याचा काटा मागून आणला. बांगड्यांचा वास काही जाता जाईना. चौथीतली पोरं काट्यावर चढणाऱ्या प्रत्येकाचा लिलाव पुकारत होती, हर्ण्याला संध्याकाळी होड्या लागल्यावर पुकारतात तसा. ती मुलगी १६ किलो भरली. बाहेर कुंपणापाशी उभ्या असलेल्या तिच्या आईने तो आकडा ऐकला आणि पहिल्यांदा आपणहून पायरी चढून वर्गात आली.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०११ला, आम्ही ठरवूनच सगळ्या आयांना बोलावलं. काटा तोच, वासासकट.

काकींबद्दल जरा सांगायला हवं. कागदावर त्या 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. मानधन तेव्हा महिन्याला १००० रुपये, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, हा हिशेब मला पाठ होता. त्यांचा हिशेब वेगळा होता. सकाळी कोण उपाशी आलंय ते त्यांना ताट धरण्यावरून कळायचं. "दोन्ही हातांनी धरलान की समजायचा, रात्रीचापन जेवलेला नाय." अशाला खिचडीचा दुसरा डाव न मागता पडायचा.

मेळाव्यात मी मोठ्या हौसेने 'पौष्टिक पाककृती स्पर्धा' ठेवली होती. पहिल्या वर्षी टेबलावर काय काय आलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. ब्रेडचे तुकडे आणि त्यावर लाल जॅम. पाकिटातल्या नूडल्स. मुंबईहून आलेल्या नणंदेने शिकवलेला, मधे बसलेला एक केक. आणि काकडी-गाजराची फुलं, मोर, होडी अशी सजवलेली एक मोठी परात. परीक्षक मी. पहिला नंबर परातीतल्या मोराला दिला.

टेबलाच्या कडेला पितळेच्या टोपात झाकून ठेवलेलं काहीतरी होतं. झाकण काढलं तर कुळथाची पिठी, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या नाचणीच्या भाकऱ्या. आणणाऱ्या त्याच ३४ किलोच्या आजी. मी चव घेतली, छान आहे म्हटलं आणि पुढे गेले. मी ज्वारी-बाजरीच्या मुलखातली. कुळीथ आमच्याकडे हुलगा, आणि तो बैलांसाठी असतो अशी माझी लहानपणापासूनची समजूत. आजींना मात्र काहीच वाटलं नाही. त्याच म्हणाल्या, "रोजचाच खाताव ता. त्याला कसला बक्षीस?" पण काकींना वाटलं होतं. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी डबा उघडायच्या वेळी माझ्यासमोर पिठीची वाटी आदळून म्हणाल्या, "मोर खाऊन कुनाचा पोट भरलान?"

घरी जाऊन अन्नघटकांचा तक्ता काढून बसले, तर मोराची लाजच वाटली. कुळथात शेकडा २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. वर्गाच्या भिंतीवर मी जो 'समतोल आहारा'चा तक्ता लावला होता, त्यात सफरचंद होतं, चीज होतं, द्राक्षं होती. आमच्या वाडीत सफरचंद फक्त आजारी माणसाला बघायला जाताना दिसायचं. कुळीथ, नाचणी, सुकट, खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या), शेवगा यातलं त्या तक्त्यावर एकही नव्हतं. मग त्या बायकांनी घरचं झाकून ठेवून बाहेरचं आणलं, यात त्यांचा काय दोष? मीच तर वर्षभर भिंतीवरून त्यांना ते शिकवत होते.

पुढच्या वर्षी स्पर्धेचा नियम एकच ठेवला. जे आणाल ते आपल्या वाडीत पिकलेलं किंवा आपल्या खाडीतलं, समुद्रातलं असावं. तक्ता काढून टाकला आणि चौथीच्या मुलांनी खडूने नवा काढला. त्यातला बांगडा फार सुरेख जमला होता. त्या वर्षी टेबल पुरलं नाही, वर्गातले बाक बाहेर काढावे लागले. मोहल्ल्यातल्या एका आईने सांदणं आणली होती, नारळाच्या दुधातली, पांढरीशुभ्र. वाडीतल्या बायकांनी लगेच हरकत घेतली, सांदण पिवळं असतं, फणसाच्या रसातलं, हे कसलं सांदण? ती म्हणाली, "हमारे घर में ऐसाच करतात." कुणी मागे हटेना. फणस जानेवारीत मिळणार कुठून? शेवटी ठरलं की मे महिन्यात पुन्हा जमायचं आणि दोन्ही सांदणं शेजारी ठेवून निकाल लावायचा. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. जमले तरीही. निकाल लागला नाही, पण दोन्ही टोपल्या रिकाम्या झाल्या.

मेळाव्याला आरोग्य तपासणीचं पथक यावं म्हणून मी दरवर्षी पत्र लिहायचे. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेची तपासणी वर्षातून एकदा आणि अंगणवाडीची दोनदा होऊ लागली. पथकाच्या तारखा त्यांच्या सोयीने असत, आमच्या मेळाव्याशी त्या दोनदाच जुळल्या. एकदा त्यांनी तिसरीतल्या एका मुलाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. पुढे त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तो आता बोटीवर जातो.

लोहाच्या गुलाबी गोळ्यांची एक गंमत आहे. आठवड्यातून एकदा मुलांना द्यायच्या. मी स्वतः देत होते आणि मुलं निमूट घेत होती, म्हणून मी समाधानात होते. एके दिवशी मागच्या जास्वंदीच्या बुंध्याशी गुलाबी खच सापडला. काकी म्हणाल्या, उपाशी पोटी देता, त्यांना मळमळतं, थुंकतील नायतर काय. मी प्रार्थनेनंतर देत होते, कारण तेव्हा मुलं रांगेत असायची. खिचडीनंतर द्यायला लागल्यावर जास्वंद सुटली. पुढे मेळाव्यातच सगळ्यांदेखत समजावून सांगायला लागले: गोळी जेवणानंतर, वर लगेच चहा नको, एखादा आवळा खाल्ला तर अंगाला चांगली लागते. जंतांचंही तसंच. १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी दिली जाते, पण त्याआधी जानेवारीत पायांबद्दल बोलायला हवं. आकडेकृमी मातीतून अनवाणी तळपायांवाटे शिरतो, हे ऐकून सगळ्या वाडीने एकदम खाली आपल्या पायांकडे बघितलं होतं. शेतात कुणीही चपला घालून जात नाही. जाणारही नाही, चिखलात चपला राहतात थोड्याच. पण शौचाला जाताना घालायला लागले, एवढं खरं.

हात धुण्याचं प्रात्यक्षिक पोरं करून दाखवायची, आणि त्यात दरवर्षी कावळा यायचा. कोकणातला कावळा साबण पळवतो. नळावर ठेवलेली वडी दोन दिवससुद्धा टिकायची नाही. मग एका तांडेलाने फाटक्या जाळ्याचा तुकडा आणून त्यात वडी बांधली आणि नळाला टांगली. नंतर ती युक्ती आमच्या बीटमधल्या, म्हणजे आजूबाजूच्या, दुसऱ्या शाळांनीही उचलली. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत माझ्या शाळेचं वरिष्ठांनी तोंडभर कौतुक केलं ते एवढ्याचसाठी.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी पऱ्यावर बंधारा घालायचं श्रमदान असे. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिलमध्ये हंडे रांगेत लागतात, हे घाटावरून आलेल्या माणसाला लवकर पटत नाही. सगळं पाणी जांभ्यातून झिरपून, पऱ्यातून धावून समुद्रात जातं. ज्याच्या घराचं काम निघालेलं असेल त्याच्याकडून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मागून आणायच्या, वाळू-माती भरायची, सुतळीने तोंडं शिवायची आणि पाणी आडवायचं. मुंबईच्या मंडळातले चाकरमानी त्या सुमारास सुट्टी काढून यायचे. त्यातले अर्धे काम करायचे, अर्धे फोटो काढायचे. पण चहा-बिस्किटं त्यांच्याकडून असायची, म्हणून आम्ही काही बोलत नसू. अडलेल्या पाण्यावर शाळेची परसबाग मार्चपर्यंत चालायची. माठ, मुळा, पडवळ, आणि कुंपणावर चढलेले वाल. सगळं खिचडीत.

दुपारनंतर खेळ. लंगडी, लगोरी, पोत्यातली शर्यत. आयांची लिंबू-चमचा हटकून भांडणात संपायची. २०१६ला ३४ किलोच्या आजींनी लंगडी घातली आणि दोन सुनांना बाद केलं. त्यातली एक त्यांचीच सून होती. ती महिनाभर तोंड फुगवून होती म्हणे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, पण दापोली-मंडणगडला त्याने काही ठेवलं नाही. शाळेचे पत्रे काजूच्या बागेत मिळाले, आणि काजूची बाग बाग राहिली नव्हती. कपाटातल्या वजनांच्या वह्यांचा लगदा झाला. दहा वर्षांचे आकडे त्यात होते. मी तो लगदा उन्हात पसरून सुटा करत बसले होते, तेव्हा काकी आल्या. त्यांच्या घराचं निम्मं छप्पर गेलेलं होतं. त्यांनी एकेका पोराचं नाव घेऊन मला वजन सांगायला सुरुवात केली. ह्याचा एवढा होता, तिचा तेवढा. मी लिहून घेत गेले. बरोबर होते की नाही, ते पडताळायला काही शिल्लक नव्हतं.

करोनात शाळा बंद, कोरडा शिधा घरोघर वाटत होतो. मेळावा पुन्हा भरला तो थेट २०२२च्या फेब्रुवारीत. बसायला बाक नव्हते, वादळात पडलेल्या माडांचे ओंडके होते. पट तोवर १४ वर आलेला. १४ मुलं आणि बघायला साठ माणसं. पिठी आणणाऱ्या आजी त्या वर्षी नव्हत्या. त्यांचा पितळेचा टोप मात्र आला होता. सुनेने आणला, लंगडीत बाद झालेल्या त्याच सुनेने. परीक्षक मीच होते. पहिला नंबर दिला. तिने तो टोप कडेवर घेतला आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा टेबलावर तसाच विसरून घरी गेली.

२०२३ला माझी बदली झाली, घरापासून वीस किलोमीटरवर. सगळे म्हणतात सुटलीस. इथल्या शाळेत १८० मुलं आहेत, काटा डिजिटल आहे आणि त्याला कसलाही वास येत नाही. जानेवारीत एसटीच्या पार्सलने काकींकडून नाचणीच्या पिठाची पिशवी येते. यंदा त्याची आंबील करून मुलांना द्यायचं ठरवलं आणि काकींना फोन लावला, सगळं नीट लिहून घ्यावं म्हणून.

"रात्री भिजत घातलात? बरा केलात. सकाळी शिजवा, ढवळत ऱ्हावा. आनि ताक आत्ता नको हां बाई, आधी थंड होऊं द्या, नायतर फाटल. कितीजणांना करताय?"

"एकशे ऐंशी."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही.

"मंग एवढ्याशा पिठान काय व्हनार? थांबा, उद्याच्या गाडीन अजून धाडते."