केटलिन क्लार्कचे टर्नओव्हर आणि आमच्या ग्राउंडवरची आठवीतली पोरगी

१५ मे २०२४ ची पहाट मला अजून नीट आठवते. कूलर रात्रभर घरघरत होता, आई नळाला पाणी आलं म्हणून उठली होती आणि मी मोबाईल उशीला टेकवून कॉलेजमध्ये गाजलेल्या केटलिन क्लार्कची डब्ल्यूएनबीएमधली, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगमधली, इंडियाना फीवर टीमकडून पहिली मॅच पाहत होते. २० पॉइंट केले तिने. आणि १० टर्नओव्हर, म्हणजे दहा वेळा हिच्या हातून बॉल समोरच्या टीमला गेला. दहा! डब्ल्यूएनबीएच्या इतिहासात पहिल्याच मॅचला इतके टर्नओव्हर कोणीच केले नव्हते. मग काय, दिवसभर आमच्या ग्राउंडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच सुरू, कॉलेजची हवा होती ती निघाली, प्रोफेशनल पोरींसमोर नाही चालत हे, वगैरे. मी गप्प बसले, कारण मला त्या दहामध्ये दुसरंच काहीतरी दिसलं होतं आणि ते तेव्हा शब्दात सांगता येत नव्हतं. आता दोन सीझन झालेत तर प्रयत्न करते.

त्या सुरुवातीच्या मॅचेस परत लावून पाहा. तिची टीममेट अलीया बोस्टन स्क्रीन लावते (डिफेंडरच्या वाटेत आडवी उभी राहते), रिंगकडे वळायला लागते, तिची मान अजून पूर्ण फिरलेली पण नसते आणि बॉल येऊन पोचलेला असतो. हाताला लागून बाहेर. स्कोअरशीटवर तो क्लार्कचा टर्नओव्हर. पण जागा बरोबर होती ना! बोस्टन अजून अर्ध्या सेकंदाने जिथे मोकळी होणार होती तिथेच बॉल गेला होता. पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारीला, पास द्यायला शिकवता येतं, मोकळी पोरगी दिसली की दे, एवढं कोणीही शिकतं, पण मोकळी व्हायच्या आधीच ती दिसणं हे मी तरी कोणाला शिकवू शकले नाही आणि मला कोणी शिकवलं नाही.

मला तर उलटंच शिकवलं. मी कॉलेजच्या टीमची पॉइंट गार्ड होते, तीन वर्षं. आमच्या सरांचा नियम होता, दोन पास चुकले की बाहेर बस. बेंचवर बसायची भीती इतकी की मी बॉल हाफ कोर्टच्या पुढे आणायचा, बाजूच्या पोरीला द्यायचा आणि सरकायचं, एवढंच खेळले. टर्नओव्हर नव्हतेच माझे. असिस्ट, म्हणजे ज्यावरून लगेच बास्केट होते ते पास, पण नव्हते. त्याचं मला आजही वाईट वाटतं, खरंच वाटतं, कारण काही पास मला दिसले होते आणि मी ते दिले नाहीत.

म्हणून तिच्या कोच लोकांनी तिला थांबवलं नाही ह्याचं मला फार अप्रूप आहे. फीवर पहिल्या ९ मॅचेसपैकी ८ हरली होती. तरी बॉल तिच्याच हातात. आणि मग हळूहळू तेच पास पकडले जायला लागले, बोस्टनचे हात आधीच वर असायचे, केल्सी मिचेल कोपऱ्यात पाय सेट करून तयार उभी. १७ जुलैला डॅलसविरुद्ध एका मॅचमध्ये १९ असिस्ट, लीगचा रेकॉर्ड (ती मॅच फीवर हरली हे पण सांगायला पाहिजे). सीझन संपला तेव्हा ३३७ असिस्ट, आदल्याच वर्षी अलिसा थॉमसने ३१६ चा रेकॉर्ड केला होता तो गेला. रुकी असताना, पहिल्याच वर्षी! टर्नओव्हर पण २२३, तो सुद्धा रेकॉर्डच, मी लपवत नाही. पण आदल्या वर्षी १३ मॅचेस जिंकलेली टीम २० जिंकली आणि २०१६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेली.

लोक तिच्या लांबच्या थ्रीबद्दलच (रेघेबाहेरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) बोलतात आणि ते साहजिक आहे. १५ फेब्रुवारी २०२४ ला केल्सी प्लमचा ३,५२७ पॉइंटचा एनसीएएचा (अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांचा) पोरींमधला रेकॉर्ड तिने मोडला तोच मुळी कोर्टच्या मधल्या लोगोजवळून मारलेल्या थ्रीने, त्या मॅचला ४९ पॉइंट. आमच्या ग्राउंडवर आत्ताच्या ६.७५ मीटरच्या रेघेच्या आत जुनी ६.२५ ची रेघ अजून पुसट दिसते, २०१० च्या आधीची. आमच्या पोरींना त्या जुन्या रेघेवरून सुद्धा बॉल रिंगपर्यंत पोचवताना कमरेतून जोर लावावा लागतो, आणि ही नवीन रेघेच्या दोन-दोन मीटर मागून मारते म्हणजे काय ते कोर्टवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पण माझ्यासाठी त्या थ्रीची खरी किंमत वेगळी आहे. तिथून बॉल आत जाईल ह्या भीतीने डिफेंडरला तिला हाफ कोर्टलाच धरावं लागतं, बऱ्याचदा दोघी जणी येतात ट्रॅप करायला, मग मागे चार जणींना सांभाळायला तिघीच उरतात आणि तेवढी जागा दिसली की हिचा पास निघालाच.

कॉलेजचे एकूण ३,९५१ पॉइंट आणि पुरुषांमध्ये पीट मॅराविचचे ३,६६७, ह्या तुलनेत मी पडत नाही. त्याने ते तीन वर्षांत ८३ मॅचेसमध्ये केले, थ्रीची रेघ नसताना. तिच्या कॉलेजच्या आकड्यांमधला मला आवडतो तो १,१४४, असिस्टचा.

मग ऑल टाइम ग्रेट का? सकाळच्या प्रॅक्टिसनंतर तर्री-पोहे खाताना आमचं ह्यावर कितीदा भांडण झालंय. माझ्यासमोर माप आहे निवृत्त झालेल्या पॉइंट गार्ड स्यू बर्डचं. १९ सीझन, ३,२३४ असिस्ट, ४ टायटल, ५ ऑलिम्पिक गोल्ड. क्लार्क पहिल्या वर्षाच्या स्पीडने खेळत राहिली तर असिस्टचा तो आकडा साधारण १० सीझनमध्ये येतो. मला वाटतं ती तो गाठेल आणि पुढे जाईल. पासिंगमध्ये तिच्यासारखी कोणी झाली नाही असं लोक म्हणतील, हे मी आज लिहून ठेवते.

फक्त शरीराने साथ द्यायला पाहिजे. कॉलेजची, म्हणजे आयोवाची, चार वर्षं आणि पहिला पूर्ण सीझन तिने एकही मॅच चुकवली नव्हती आणि २०२५ मध्ये आधी मांडी मग जांघ असं करत १३ मॅचेसवरच सीझन संपला. मला लगेच एनबीएचा (पुरुषांच्या लीगचा) डेरिक रोज आठवतो. २०११ मध्ये २२ व्या वर्षी एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), सगळ्यात तरुण, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये गुडघा गेला. तो काय झाला असता ह्याचं उत्तर कोणाकडेच नाही. क्लार्कचं दुखणं तसं मोठं नाही पण दर वेळी ती जांघेला हात लावते तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. टायटलचं म्हणाल तर कॉलेजच्या दोन्ही फायनल हरली, २०२३ आणि २०२४. पण २०२५ मध्ये तिच्याशिवाय फीवरने सेमीफायनलला लास व्हेगस एसेसला पाचव्या मॅचपर्यंत नेलं. काही जण म्हणतात बघा तिची गरज नाही, मला तर वाटतं अशा टीममध्ये ती फिट होऊन परत आली तर काय होईल!

आमच्या संध्याकाळच्या बॅचला आठवीतली एक पोरगी आहे, छोटीशी, केस कायम डोळ्यांवर. मागच्या महिन्यात ती रडवेली होऊन आली, "ताई, मी देते तं पोरी पकडतच नाही न." मी पाहिलं होतं. कटवर, म्हणजे रिंगकडे झटकन धावत, जाणारी पोरगी रिंगखाली पोचायच्या आधीच हिचा बाउन्स पास तिथे पोचत होता आणि भिंतीला लागून परत येत होता, आणि बाकीच्या ओरडत होत्या, अबे पाहून दे ना. मी शिट्टी मारली. हिला काहीच बोलले नाही, पकडणाऱ्या दोघींना बोलावलं आणि म्हटलं हिच्याकडे पाहत कट मारायचा, हात छातीसमोर, बॉल येणारच आहे असं धरून चालायचं. अर्धा तास फक्त तेवढंच घेतलं. बरेच सुटले, चार-पाच हातात बसले.