चावी, चावे आणि शाव: गॅलिशियातले पाच दिवस

वायव्य स्पेनमधल्या गॅलिशिया प्रांतात, सांतियागो दे कोंपोस्तेला शहरात ज्या घरी उतरलो, तिथल्या आजींनी माझ्या हातावर किल्ली ठेवली नि म्हणाल्या, "अकी तेस आ चावे" (ही घे चावी). मी चमकून बघितलं. ही तर आपली चावी! हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, एवढं ठाऊक होतं. पण लिस्बनमध्ये आता त्याला 'शाव' म्हणतात. जुना 'च' गॅलिशियन लोकांनी जपला, आणि इकडे आपण.

तेराव्या शतकात गॅलिशियन आणि पोर्तुगीज जवळपास एकच भाषा होती, आणि तिचा मानही मोठा. स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याचा राजा दहावा अल्फोन्सो मेरीमातेची गाणी रचायचा तर याच भाषेत. पोर्तुगाल तर त्याआधी, बाराव्या शतकातच वेगळं राज्य झालं होतं. पुढे गॅलिशियात दरबारी कागदांवर स्पॅनिश आली आणि गॅलिशियन शेतात, होड्यांवर, चुलीपाशी उरली. १८६३ साली कवयित्री रोसालिया दे कास्त्रोचा गॅलिशियन कवितांचा संग्रह आला, तेव्हा ती पुन्हा छापील पानावर ताठ उभी राहिली. विसाव्या शतकात हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत मात्र शाळा-कचेऱ्यांतून तिला हद्दपार केलं, आणि हा फ्रँको स्वतः गॅलिशियातल्या फेरोलचा!

१९८३च्या कायद्यानंतर ती शाळेत, सरकारी कामात आली. रस्त्यावरच्या पाट्या तिच्यातच दिसतात. पण पाट्या वाचून फसू नका. २०२३च्या सरकारी पाहणीत गॅलिशियनच मुख्यतः बोलणारे निम्म्याहून कमी भरले, आणि लहान मुलांत तर फारच थोडे. शहरातल्या कॅफेत मला दोन दिवस स्पॅनिशच ऐकू आली.

भाषा ऐकायची असेल तर सकाळी सांतियागोच्या 'मेर्कादो दे आबास्तोस' या मंडईत जा. खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या बायका बाहेरच्या बाजूला बसतात. परका चेहरा दिसला की त्या लगेच स्पॅनिशवर येतात, म्हणून आपणच "बोस दिअस" (सुप्रभात) म्हणून सुरुवात करायची आणि निघताना "ग्राथस" (धन्यवाद). एवढ्यावर एका बाईंनी मला ब्राझीलचा ठरवून टाकलं! त्यांच्या तोंडी 'आउगा' (पाणी) 'आउहा' झालं होतं. 'ग'चा असा घोगरा 'ह' पश्चिमेकडे सर्रास होतो. शहरी लोक त्याला गावंढळ समजतात. मला तर गोड वाटला. अक्षरांतला 'एक्स' बहुतेक ठिकाणी 'श' वाचा, म्हणजे सरकारी इमारतीवरचं 'शुंता' (गॅलिशियाचं सरकार) अडणार नाही.

आणखी एक गंमत. भूक लागली का विचारलं तर 'हो' म्हणण्याऐवजी ते नुसतं क्रियापद परत करतात: "तेस फामे?" "तेन्यो." आपलं "जेवलास का?" "जेवलो" आठवलं.

१७ मे हा गॅलिशियन साहित्याचा दिवस, रोसालियाच्या त्याच पुस्तकाशी जोडलेला. वातावरण छान असतं, पण सुट्टी असल्यामुळे मंडईचा बेत त्या दिवशी नको. मंडई रविवारीही बंद. रोसालियाची समाधी सांतियागोतच, बोनावाल इथल्या चर्चमध्ये आहे; शेजारच्या लोकसंग्रहालयातला तीन पेडांचा दगडी गोल जिना चुकवू नका. तिचं शेवटचं घर पाद्रोनला आहे, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. मी तिथे अर्धा दिवस घालवला, तोही कमी पडला.

माद्रिदहून सांतियागोला जलद गाडीने साधारण तीन-साडेतीन तास लागतात. मे महिन्यातही रेनकोट हवाच. इथल्या भुरभुर पावसाला 'ओर्बायो' म्हणतात. छत्री उघडावी की नाही, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

पुढे गॅलिशियातल्या विगोहून पोर्तुगालमधल्या पोर्तोला जाणार असाल तर जपून. विगोत दोन स्टेशनं आहेत: सांतियागोहून येणाऱ्या बहुतेक गाड्या उर्थाइसला थांबतात, पोर्तोची सुटते गिशारहून. मी बॅग ओढत उतारावरून धावलो. शिवाय पोर्तुगालचं घड्याळ एक तास मागे, तेव्हा पोहोचायची वेळ वाचताना तो तास धरा.